एसजीओटी एकशे बेचाळीस

दादा, तुझी नळी फ्रिजमध्ये तशीच होती. मधल्या कप्प्यात, गुरुवारच्या रॅकमध्ये, उजवीकडून तिसरी. बाकीच्या नळ्यांवर नंबर आणि पूर्ण नाव, तुझ्या नळीवर माझ्या अक्षरात नुसतं 'दादा'. आमच्या लॅबमध्ये रक्त सात दिवस ठेवतात, कुणाला शंका आली तर पुन्हा लावता यावं म्हणून, आणि मग टाकून देतात. तू रविवारी गेलास. मी बुधवारी कामावर आले, कारण दुसऱ्या दिवशी ती नळी गेली असती. लोकांना वाटलं, भावाला जाऊन चार दिवस झाले नाहीत तोवर ही बाई कामाला लागली. वाटू दे. तुझी राख वहिनीनं बांधावरच्या आंब्याच्या बुडाशी घातली होती. तू कुठंच उरला नव्हतास, आणि इथं बारामतीत, फ्रिजच्या थंडीत, तुझं चमचाभर रक्त अजून शिल्लक होतं. मी ती नळी हातात घेतली.

तुझ्याशी भांडण अर्धवट राहिलंय म्हणून हे लिहिते आहे. आपण दोघं भांडायला काही कमी नव्हतो. तू म्हणायचास, 'किती दिवस दुसऱ्याच्या लॅबात सुया टोचणार, भिगवणला सोताची टाक.' मी म्हणायचे, तू आधी दुकानाची फरशी कर, गिऱ्हाईक वार्निशमध्ये घसरून पडेल. ती भांडणं मला पुन्हा हवी आहेत. हे शेवटचं नको होतं.

आपल्या गावात, डाळजमध्ये, तुझ्यासारखा मोटारवाला नव्हता, हे तुझ्या तोंडावर मी कधी बोलले नाही, कारण तू डोक्यावर बसला असतास. जळालेल्या पंपाची मोटार कुणी आणून टाकली की तू पान्याला हात लावायच्या आधी त्या माणसाला समोर बसवायचास आणि एकेक विचारायचास. बंद पडायच्या आधी आवाज आला का? पाणी कमी झालं होतं का? फ्यूज कधी गेला? रानात पाणी खोळंबलेलं असायचं, माणूस वैतागायचा, 'आरं खोल की आता!' तू म्हणायचास, 'मोटार बोलत न्हाय, तुला तर तोंड हाय ना? मग सांग.' मी लहान असताना कोपऱ्यात बसून हे सगळं बघायचे आणि हसायचे.

त्याच मोटारींच्या वायंडिंगच्या कमाईवर तू मला शिकवलंस. लॅबच्या कोर्सला मी बारामतीला जायचे तेव्हा घरी सराव कुणावर करायचा हा प्रश्न होता. वर्गातल्या मुली एकमेकींना टोचून टोचून निळ्या झाल्या होत्या. तू शर्टाची बाही वर केलीस. 'घे, हितं टोच.' पहिल्या दिवशी मला शीर सापडेना, तीनदा सुई घुसवली, मी रडायला लागले आणि तू मलाच समजावत बसलास. तुझ्या दोन्ही हातांच्या शिरा मला पाठ झाल्या. डाव्या कोपरात एक सरळ, उजवीकडं एक निसटणारी. पुढं हजारो हात माझ्यापुढं आले, पण सुई धरायला शिकले ती तुझ्या हातावर.

एकदा दुकानात तू विचारलंस, 'त्या रगतात दिसतं तरी काय?' मी नवं नवं शिकलेली, ऐटीत सांगायला लागले. पेशीच्या आत एंझाइम असतात. पेशी धड असते तोवर ते आत राहतात. तिला इजा झाली, सूज आली, ती फुटली की ते रक्तात उतरतात. रक्तात त्यांचं माप वाढलेलं दिसलं की समजायचं, आत कुठंतरी नासधूस चालली आहे. तू तांब्याची तार गुंडाळत होतास. हात न थांबवता म्हणालास, 'म्हंजी आमच्यावानीच. वायंडिंग जळालं की वास येतोय. पर कंचं कॉइल ग्येलं ते वासानं न्हाय कळत. खोलून बघाया लागतंय.' मी म्हटलं, अगदी बरोबर. आमच्या मास्तरांना ही गोष्ट समजावायला दोन तास लागले होते. तुझं मला किती कौतुक वाटलं होतं त्या दिवशी, आणि तेही मी बोलले नाही.

नंतरची वर्षं वाईट गेली. तू प्यायला लागलास. का लागलास त्याची उजळणी आज नको. वहिनीनं सोसलं, मी बारामतीहून फोनवर ओरडत राहिले. आणि मग एका बुद्धपौर्णिमेला विहारात तू पुढं जाऊन बसलास, सगळ्यांबरोबर पंचशील म्हटलंस, आणि पाचवं शील, मद्य घेणार नाही हे, दोनदा म्हटलंस. शेजारच्यांना वाटलं तू चुकलास. तू चुकला नव्हतास. त्या दिवसापासून तू थेंबाला शिवला नाहीस. नऊ वर्षं.

आता मी तुला ते सांगते जे तुला त्या गुरुवारी कळलं, आणि ज्याची मला आयुष्यभर लाज वाटेल. दारू सुटली त्याच वर्षी तुला साखरेचा आजार निघाला, तेव्हापासून दर तीन महिन्यांनी तू बारामतीला तार आणि वार्निश घ्यायला यायचास, तेव्हा उपाशीपोटी आधी माझ्याकडं यायचास. मी शुगरसाठी रक्त घ्यायचे. आणि त्यातलंच थोडं तुला न सांगता लिव्हरच्या तपासणीला लावायचे. तू पुन्हा पितोस का, हे मला बघायचं असायचं. रजिस्टरला नोंद नाही, नळीवर नुसतं 'दादा'. दर वेळी रिपोर्ट चांगला यायचा, दर वेळी मी सुटकेचा श्वास टाकायचे, आणि तुला डबा उघडून द्यायचे. तू वहिनीच्या हातची तळलेली चिलापी मासळी मला द्यायचास आणि माझी पोळीभाजी खायचास. इतके चांगले रिपोर्ट बघूनसुद्धा माझी खात्री कधी पटली नाही. दोष तुझ्यात नव्हता दादा, माझ्या बघण्यात होता.

त्या गुरुवारी तू आलास तेव्हा चेहरा उतरलेला होता. 'मंगळवारपास्नं अंग जड पडलंय,' म्हणालास. 'पित्त झालंय जणू. भजी खाल्ली व्हती मिरचीची.' मी म्हटलं, साखर असलेल्या माणसानं भजी कशाला खायची, आणि रक्त घेतलं. डाव्या कोपरातली सरळ शीर, एका टोचणीत. तू बाकावर टेकून बसलास. तू एरवी कधी टेकून बसायचा नाहीस.

मशीननं आकडे काढले. बिलिरुबिन ठीक. एसजीपीटी, लिव्हरच्या पेशीतलं एंझाइम, अडतीस; दोन्हींना चाळीसपर्यंत चालतं, म्हणजे ठीक. एसजीओटी एकशे बेचाळीस.

एसजीपीटी जागच्या जागी आणि एसजीओटी त्याच्या कितीतरी पट, असं दिसलं की आधी दारूचं विचारा, हे आम्ही शिकताना घोकलेलं. पण त्याच धड्यात पुढं असतं की एसजीओटी एकट्या लिव्हरचं नसतं. ते हातापायांच्या स्नायूंत असतं, आणि हृदयात असतं. ते मला ठाऊक नव्हतं असं नाही. प्रत्येक रिपोर्टच्या तळाशी एक ओळ छापलेली असते: निष्कर्ष रुग्णाच्या लक्षणांशी ताडून पाहावेत. ती ओळ मी किती वर्षं छापते आहे. त्या दिवशी मला फक्त माझी जुनी भीती दिसली, आणि ती खरी झाल्यासारखं वाटलं.

रिपोर्ट मॅडमना दाखवायला हवा होता. आमच्या डॉक्टर मॅडम प्रत्येक गडबडीच्या आकड्याला थांबतात, बाहेर येऊन पेशंटला चार प्रश्न विचारतात. मी त्यांना दाखवला नाही. का, ते ऐक. माझा भाऊ पितो हे त्यांना कळू नये म्हणून. आपल्या वस्तीतून इतकी वर्षं कष्ट करून इथवर आलो, पांढरा कोट घातला, आणि आपल्या माणसाबद्दल लोक जे आधीच मनात धरून बसलेले असतात ते मी स्वतःच्या हातानं पुरवू का? मी तुझी अब्रू झाकायला गेले. तो कागद घडी करून कोटाच्या खिशात घातला आणि तुला आतल्या खोलीत बोलावलं.

'दादा, परत सुरू केलंस?'

तुला आधी कळलंच नाही. मग कळलं. 'काय बोलतीस नंदे?'

'मशीन खोटं बोलत नाही. लिव्हरचा आकडा बघ.'

'लिवरचं कुणी सांगितलं व्हतं तुला? मी तर साखरंचं दिलं व्हतं रगत.'

आणि मग मला सांगावं लागलं. दर तीन महिन्यांनी, नऊ वर्षं. तुझा चेहरा मी विसरणार नाही. तू ओरडला असतास तर मला बरं वाटलं असतं.

'म्हंजी येवढी वर्सं तू माझी चोरून झडती घेत व्हतीस?' तू हळू बोललास. 'मी घेतली न्हाय नंदे. एक थेंब न्हाय. आता तू म्हणतीस पाचवं मोडलं. अन् मी न्हाय म्हणतोय म्हंजी चौथं बी मोडलं. व्हय ना?'

चौथं म्हणजे खोटं न बोलण्याचं. तू बाही खाली केलीस, बटण लावलंस, तारेचं बंडल उचललंस आणि गेलास. त्या दिवशी डबा उघडला नाही. चिलापी तशीच डब्यात परत डाळजला गेली.

माझं एवढ्यावर भागलं नाही. दुपारी मी वहिनीला फोन केला. 'लक्ष ठेव, रिपोर्ट बरा नाही, पुन्हा पितोय तो.' वहिनी दुकानाच्या काउंटरवर होती, तिचे हात वार्निशनं भरलेले असतात म्हणून फोन नेहमी स्पीकरवर असतो, हे मला माहीत होतं. समोर दोन गिऱ्हाइकं होती. वहिनी एवढंच म्हणाली, 'ताई, तुमी फोन ठेवा.' मी ठरवलं, तू कबूल करेपर्यंत बोलायचं नाही. शुक्रवार गेला, शनिवार गेला. माझा हट्ट किती दिवस टिकला असता, मला माहीत नाही. रविवारी सकाळी तू दुकानात एका मोटारीवर ओणवा झालास तो उठलाच नाहीस. भिगवणला नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

स्मशानात आपले चुलते, तात्या, कुणाला तरी म्हणत होते, 'परत लागला व्हता म्हणं. भनीनंच रगत तपासलं की.' मी चार पावलांवर उभी होते. मी तुला मारलं की नाही हे मला आजही माहीत नाही, पण तुझं नाव मी मारलं होतं, आणि ते मला तिथं उभं राहून ऐकावं लागलं.

म्हणून बुधवार. म्हणून ती नळी.

आधी जीजीटी लावलं. माणूस सतत पीत असेल तर ते बहुतेक वेळा चढलेलं सापडतं. मी गुरुवारीच ते लावू शकले असते, रक्त तेच, मशीन तेच, दहा मिनिटांचं काम. जीजीटी चोवीस. म्हणजे अगदी धड. मग सीपीके लावलं, स्नायूंना इजा झाली की वाढतं ते. आणि त्यातलं एमबी, जे मुख्यतः हृदयाच्या स्नायूचं. हृदयाच्या इजेत एलडीएचही चढतं, पण ते लावलं नाही, ते फ्रिजमध्ये टिकत नाही. सहा दिवस थंडीत राहून हे दोन्ही आकडेही थोडे उतरले असणार. तरी सीपीके हजाराच्या घरात होतं, आणि एमबी इतकं चढलेलं की मला पुन्हा लावावं लागलं. दुसऱ्यांदाही तेच.

मी नळी घेऊन मॅडमच्या खोलीत गेले आणि पहिल्यांदा त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी सगळे कागद शेजारी-शेजारी मांडले. विचारलं, 'मंगळवारी छातीत जळजळलं होतं का? घाम आला होता?' मी म्हटलं, पित्त म्हणत होता. घामाचं मी विचारलं नाही. मॅडम म्हणाल्या, 'साखर असलेल्यांना कळ कमी जाणवते. मंगळवारी झटका येऊन गेला असणार. एसजीओटी त्यानंतर दीड-दोन दिवसांनी असंच चढतं. नंदाताई, पूर्वी हृदयासाठीच बघायचे ते.' मी विचारलं, गुरुवारी कळलं असतं तर वाचला असता? त्या खोटं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, 'सांगता येत नाही. पण त्याच दिवशी दवाखान्यात पोहोचला असता.'

मशीन खोटं बोललं नव्हतं दादा. त्यानं वास दाखवला होता. कुठलं कॉइल गेलं ते मी खोलून बघितलं नाही, आणि खोलायच्या आधी तू जे येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायचास, ते मी तुला विचारलं नाही.

शनिवारी तुझा पुण्यानुमोदनाचा विधी झाला, विहारापुढच्या मंडपात. बौद्धाचार्यांनी त्रिशरण-पंचशील घेतलं. पाचव्या शीलाला मला तुझा दोनदा म्हटलेला आवाज ऐकू येत होता. मग श्रद्धांजलीसाठी एकेकाला बोलावलं. सगळे तुझ्या हातगुणाबद्दल बोलले. माझ्या नावाची वाट न बघता मी उठले. पांढऱ्या साडीत, हातात तो कागद. भाषण काही नव्हतं. मी म्हटलं, 'माझ्या भावानं नऊ वर्षांत दारूला हात लावला नाही. मी लॅबमध्ये काम करते, मी त्याचं रक्त वाचायला चुकले आणि तुम्ही जे ऐकलंत ते माझ्या चुकीतून आलं. तो हृदयाच्या झटक्यानं गेला. त्यानं शील मोडलं नाही. पुन्हा कुणी तसं बोललं तर त्याला माझं नाव सांगा.' तात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि खाली बघत म्हणाले, 'बस पोरी. ऐकलं आमी.'

माणसं गेल्यावर मी वहिनीला कागद दिला. तिनं तो उलटा-सुलटा बघितला आणि माझ्याच हातात परत ठेवला.

'मला कशाला? मला ठावच व्हतं.'

'कसं?'

'दुकानातनं आलं की रोज माझ्यापुढं हुबं ऱ्हायचं अन् तोंड उघडायचं. घे म्हणायचं वास. मी कवा सांगितलं न्हाय तसं कराया, त्येंनीच लावून घ्येतलं व्हतं. पयल्या वर्सी मी खरंच बघायची. मग आपलं हसायची अन् व्हा बाजूला म्हणायची.'

नऊ वर्षं तू जे कुणी न सांगता उघडून दाखवत होतास, तेच मी चोरून तपासत होते. मी विचारलं असतं तर तू मलाही दाखवलं असतंस. तू तर माझ्यापुढं बाही वर करणारा माणूस.

मी म्हटलं, 'वहिनी, माझ्यावर रागावून गेला गं तो.'

वहिनी म्हणाली, 'गुरवारी रागात व्हते. जेवले न्हाईत. शनवारी दुपारी जेवता जेवता म्हणले, नंदीला भ्या वाटतंय, बाकी काय न्हाय. ल्हानपणापास्नं भित्री हाय ती. सोमवारी बारामतीला जातो म्हणले. मी म्हणलं, तार तर आणलीया की परवाच. तर म्हणले, तारंला न्हाय. उपाशीपोटी जातो, अन् तिच्यापुढं हात धरून म्हणतो, घे. आता सांगून तपास.'

त्या सोमवारी सकाळी मी डाळजलाच होते, दादा. तुझ्या दुकानाच्या बंद शटरला टेकून बसले होते.